एक लाख तीस हजार रिळे

पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फ्रेमच्या वाट्याला १९ मिलिमीटर उंची येते. अंगठ्याच्या नखाहून थोडी जास्त. एवढ्याशा चौकोनात मोगल दरबार बसतो, नदीचा पूर बसतो, विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम चिपळ्यांसकट बसतो. अशा १६ फ्रेम एकाखाली एक लावल्या की झाला एक फूट. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम लागतात, म्हणजे सेकंदाला दीड फूट फिल्म यंत्रातून सरकते. मिनिटाला ९० फूट. तासाला ५,४०० फूट. किलोमीटरमध्ये सांगायचं तर ताशी १.६५. हसू येईल असा वेग! पंढरीच्या वाटेवर गुडघे दुखणारी आजीबाईसुद्धा याहून पुढे निघून जाईल.

पण जरा दम धरा. अडीच तासांचा आपला नेहमीचा चित्रपट घ्या. मध्यंतर, सहा गाणी, शेवटी मारामारी, सगळं धरून. त्याची फिल्म भरते १३,५०० फूट, म्हणजे ४.१ किलोमीटर. आता आमच्या मराठवाड्यातल्या पाचोडच्या बसस्टँडवर उभे राहू आणि छत्रपती संभाजीनगरच्या दिशेने रस्त्याच्या कडेला ही फिल्म अंथरत जाऊ. पहिला चित्रपट संपेपर्यंत गाव मागे पडलेलं. चार-पाच चित्रपटांत आडूळ. बाराव्या चित्रपटाच्या शेवटच्या रिळाला संभाजीनगर. पन्नासेक किलोमीटरचं अंतर आणि त्याला पुरले फक्त बारा चित्रपट! ते बारा सलग दाखवायला मात्र तीस तास लागतील. एसटी तेवढ्याच रस्त्याला दीड तासही घेत नाही.

बारा चित्रपट म्हणजे हजार फुटांची १६२ रिळे. हा आकडा लक्षात ठेवायची गरज नाही, कारण पुढे येणाऱ्या आकड्यांपुढे तो चिल्लर आहे.

पुण्याला लॉ कॉलेज रोडवर दोन संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. एक फिल्म इन्स्टिट्यूट. कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली, तिने जो स्टुडिओ उभारला त्याच जागेत १९६० साली ही शिक्षणसंस्था सुरू झाली. २०२५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे आता तिला विद्यापीठ म्हणायला कुणाची हरकत नसावी. दुसरी संस्था राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, स्थापना फेब्रुवारी १९६४. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, पण पुणेकर तिला अजून ‘अर्काइव्ह’ असंच म्हणतात. एका ठिकाणी सिनेमा शिकायचा, दुसऱ्या ठिकाणी तो जपायचा. आमच्या भागातल्या पोरांना सिनेमाच शिकायचा असेल तर आता जवळही सोय आहे. संभाजीनगरला मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, एमजीएम विद्यापीठात चित्रपटाचं शिक्षण मिळतं, अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो. पण जुन्या सिनेमाची अस्सल फिल्म बघायची, तिला हात लावायचा, तर पुण्याचीच वाट धरावी लागते. कारण रिळे तिथे आहेत.

किती? तर एक लाख तीस हजारांच्या आसपास.

म्हणायला सोपं आहे. आता हा आकडा फोडून बघू. प्रत्येक रीळ हजार फुटांचं धरू, हिशेबाला बरं पडतं. हजार फूट म्हणजे ३०५ मीटर. मुंबईची पंधरा डब्यांची लोकल साधारण तेवढीच लांब असते. म्हणजे अर्काइव्हमध्ये फडताळांवर एक लाख तीस हजार लोकल गुंडाळून ठेवल्या आहेत! मुंबईत दिवसभरात लोकलच्या तीन हजारांहून जास्त फेऱ्या होतात. पश्चिम, मध्य, हार्बर, पहाटेच्या पहिल्या गाडीपासून मध्यरात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत. चाळीस दिवस त्या सगळ्या मोजत बसा, तेव्हा कुठे ही बेरीज जुळते.

एका रिळाचा डबा जाडीला चार सेंटीमीटर धरा. डब्यावर डबा रचत गेलो तर थप्पी ५,२०० मीटर उंच होते. कळसूबाई आपलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर. कळसूबाईवर कळसूबाई ठेवा, तिच्यावर आणखी एक कळसूबाई ठेवा, तरी थप्पी अडीचशे मीटर वर डोकं काढून उभी!

वजनाचं काय? हजार फूट फिल्म अडीच किलोच्या आसपास भरते, डब्याचं वजन वेगळं. एकूण तीन लाख पंचवीस हजार किलो. पाचोडच्या मोसंबी बाजारात ज्यांची हयात गेली त्यांच्यासाठी सांगतो: क्रेटला वीस किलो धरलं तर १६,२५० क्रेट. एवढा माल एका दिवशी आला तर भाव काय पडेल याची कल्पनाच न केलेली बरी.

आता वेळेत मोजू. तेरा कोटी फूट फिल्म, मिनिटाला ९० फूट. भागाकार केला की २४ हजार तासांच्या वर जातो. दिवसरात्र, न झोपता, न जेवता, मध्यंतराला चहासुद्धा न घेता बघत बसलात तर १,००३ दिवस. पावणेतीन वर्षं. माणसासारखं दिवसाला आठ तास बघायचं ठरवलं तर सव्वाआठ वर्षं. पहिलीत पोराला सोडून बघायला बसा, उठाल तेव्हा ते नववीत. यात एकाच चित्रपटाच्या दोन-तीन प्रती असतील, निगेटिव्ह असेल, नुसता आवाजाचा पट्टा असेल, हे मान्य. तशा प्रती वगळून जरा कमी करा हवं तर. मी करणार नाही, मला हा आकडा आवडलाय.

पण सिनेमाचा अभ्यास करणाऱ्यांचं नुसतं बघून भागत नाही. सतीश बहादूर नावाचे प्राध्यापक पुण्याला चित्रपट रसास्वाद शिकवायचे. ‘पथेर पांचाली’सारखा चित्रपट कसा वाचायचा, एक दृश्य दुसऱ्याला कसं चिकटतं, कॅमेरा नेमका का थांबला, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांना दाखवलं. इन्स्टिट्यूट आणि अर्काइव्ह मिळून रसास्वादाचा जो अभ्यासक्रम चालवतात त्याची पायवाट त्यांनी घातली. तेव्हा आपणही अभ्यासकाच्या चालीने जाऊ. दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० फ्रेम असतात. प्रत्येक फ्रेमकडे फक्त पाच सेकंद बघायचं. पाच सेकंद काय, पान जुळवायलाही पुरत नाहीत. गुणाकार करा: ८,६४,००० सेकंद. म्हणजे बरोबर दहा दिवस. न झोपता, एका चित्रपटाला!

आता हाच खेळ अख्ख्या अर्काइव्हशी खेळू. तेरा कोटी फूट गुणिले सोळा, म्हणजे २०८ कोटी फ्रेम. भारतातल्या प्रत्येक माणसाला, तान्ह्या पोरापासून शंभरीच्या आजोबांपर्यंत, एकेक फ्रेम वाटली तरी साठ कोटींच्या वर उरतात. फ्रेमला एक लिटर पाणी असा हिशेब धरला तर आठ मीटर व्यासाच्या आणि बारा मीटर पाणी असलेल्या ३,४५० विहिरी काठोकाठ भरतील. मराठवाड्यात बसून हे वाक्य लिहिताना हात जरा थरथरतो. आणि प्रत्येक फ्रेमकडे पाच सेकंद बघायचं म्हटलं तर? ३३० वर्षं! आज अभ्यास संपवायचा असता तर सुरुवात छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात होते तेव्हा करायला हवी होती. औरंगजेब दख्खनेत फौजा फिरवत होता आणि तुम्ही दुसऱ्या रिळावर असता.

एवढं सगळं सुरू झालं कुठून? एका कुंडीतून. धुंडिराज गोविंद फाळके, त्र्यंबकेश्वरचे, १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्यांना पटवायचं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोखला आणि महिन्याहून जास्त काळ रोपट्याची वाढ टिपली. ‘अंकुराची वाढ’ तयार झाली, लांबी एक मिनिटाच्या किंचित वर. महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. ती सगळी दाबून एका मिनिटात बसवली! काळ त्रेचाळीस हजार पटींनी आटवला. आमच्याकडे दूध आटवून बासुंदी करतात तेव्हा चौथा हिस्सा तरी उरतो.

मग ‘राजा हरिश्चंद्र’. सहा महिने सत्तावीस दिवसांचं काम, ३,७०० फूट, चार रिळे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. सरासरी काढा, दिवसाला साडेसतरा फूट. त्या काळच्या मूकपटाच्या सोळा फ्रेमच्या गतीने पडद्यावर साडेसतरा सेकंद. अख्खा दिवस राबायचं, राजवाडा उभा करायचा, तारामती म्हणून दाढीमिशा काढलेल्या पुरुषाला लुगडं नेसवायचं, आणि संध्याकाळी हाती काय? तर साडेसतरा सेकंद.

खर्च पंधरा हजार रुपये. आज या पैशात चांगला मोबाइलही येत नाही म्हणून नाक मुरडू नका. त्या काळी ब्रिटिश सोन्याचा पौंड पंधरा रुपयांना पडायचा, तो ठरलेलाच दर होता. म्हणजे फाळक्यांनी सिनेमात सोन्याची एक हजार नाणी ओतली. एका नाण्यात ७.३२ ग्रॅम शुद्ध सोनं. एकूण सात किलो तीनशे वीस ग्रॅम! दहा ग्रॅमला नुसता लाखाचा भाव धरला तरी सात कोटींच्या वर जातं. साडेसतरा सेकंदांमागे सुमारे पस्तीस ग्रॅम सोनं, रोजच्या रोज.

आणि आता ज्या आकड्यासाठी मी हा परिच्छेद राखून ठेवला होता तो. त्या वेळी कच्ची फिल्म कोरी यायची, कडेला भोकं नसलेली. भोकांशिवाय ती यंत्राच्या दातांत अडकत नाही. ती पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके करायच्या, अंधारात, यंत्रावर. शिवाय फिल्म धुणं, रसायनं कालवणं, आणि सत्तरेक माणसांचा स्वयंपाक. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मला प्रत्येक फ्रेमच्या दोन्ही बाजूंना चार-चार भोकं लागतात. फ्रेमला आठ, फुटाला १२८. तीन हजार सातशे फुटांना किती? चार लाख त्र्याहत्तर हजार सहाशे! सेकंदाला एक या गतीने नुसती मोजायला बसलात तर साडेपाच दिवस, साडेपाच रात्री. हे फक्त पडद्यापर्यंत पोचलेल्या फिल्मचं झालं. कापून टाकलेल्या तुकड्यांची भोकं हिशेबात नाहीत. भारतीय सिनेमाच्या जनकाबद्दल पुस्तकं निघाली, रस्त्याला नाव दिलं, देशातला सर्वोच्च चित्रपट पुरस्कार निघाला. पावणेपाच लाख भोकांचा एखादा पुरस्कार निघायला माझी काही हरकत नाही.

त्या ३,७०० फुटांपैकी आज अर्काइव्हकडे १,४७५ फूट आहेत, पहिलं आणि शेवटचं रीळ. तीही फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे सात किलो सोन्याचा मूळ सिनेमा कदाचित शून्य फूट उरलाय.

इथून पुढे आकडे उलटे पळायला लागतात. भारतात मूकपट तेराशेच्या वर निघाले. त्यातले पूर्ण किंवा तुकड्या-तुकड्यांनी वाचले किती? एकोणतीस. शंभरात दोनच्या जरा वर. तुमच्या शाळेत तेराशे पोरं होती असं समजा आणि त्यातल्या एकोणतीस जणांचेच फोटो उरले. एकेका मूकपटाला सरासरी सहा हजार फूट धरले, तर गेलेली फिल्म २,३०० किलोमीटरच्या वर भरते. मुंबई-पुणे पंधरा वेळा. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत जे घडवलं, त्यातलं बहुतेक याच रस्त्याने गेलं. १९२५ चा त्यांचा ‘सावकारी पाश’, कर्जापायी जमीन गेलेल्या शेतकऱ्याची गोष्ट, आता फक्त आठवणींत आणि लेखांत वाचायची. मराठवाड्याने तो पडद्यावर बघायला हवा होता.

बोलपटांची तऱ्हा वेगळी नाही. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’, १४ मार्च १९३१, गिरगावचं मॅजेस्टिक. लांबी १०,५०० फूट, म्हणजे ३.२ किलोमीटर. उरले किती? शून्य मिलिमीटर. एक फ्रेमसुद्धा नाही, अंगठ्याच्या नखाएवढीसुद्धा नाही! काळ्या-पांढऱ्या फिल्मच्या थरात चांदी असते, आणि जुना सिनेमा थिएटरात चालेनासा झाला की त्याला चांदीचा भाव मिळायचा. ‘आलम आरा’ काढणाऱ्या आर्देशीर इराणींच्या घरी उरलेल्या काही रिळांतलीही चांदी काढून घेतली गेली, असं अर्काइव्हच्या पी. के. नायर यांनी सांगून ठेवलंय.

हे नायर म्हणजे स्वतःच एक न पटणारा आकडा. तिरुवनंतपुरमचा माणूस, सिनेमा काढायला मुंबईत आला आणि दुसऱ्यांचे सिनेमे गोळा करायला पुण्यात राहिला. १९९१ मध्ये निवृत्त झाले तेव्हा अर्काइव्हमध्ये बारा हजार चित्रपट होते, त्यातले आठ हजार भारतीय. साधारण सव्वीस वर्षांची नोकरी. भागाकार करा. चार दिवसांत पाच चित्रपट! रविवार धरून, दिवाळी धरून, गणपतीचे दहा दिवस धरून. ते कुणी हातात आणून देत नव्हतं. कुठे बंद पडलेल्या स्टुडिओचं गोदाम, कुठे वारसांचं माजघर, कुठे भंगारवाल्याचं दुकान. फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ची रिळे अशीच हाती लागली आणि १९१९ चा तो मूकपट नायर यांनी पुन्हा ओळीने जुळवला. त्यात कृष्ण झालीय फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. तो बहुतेक सगळा बघता येतो. एकोणतिसांतला एक! शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी नायर यांच्यावर २०१२ मध्ये ‘सेल्युलॉइड मॅन’ काढला. मार्च २०१६ मध्ये नायर गेले, पुण्यातच.

गोळा केलं म्हणजे वाचलं असं मात्र नाही. फिल्म ही वस्तूच मुळात नाशवंत. १९५० च्या आसपासपर्यंत ती नायट्रेटची असायची. एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी जळत राहते, कारण लागणारा प्राणवायू ती स्वतःच पुरवते. रसायनशास्त्र कसं ते विचारू नका, मी विश्वास ठेवलाय, तुम्हीही ठेवा. सडायला लागलेली नायट्रेट फिल्म ४१ अंशांच्या आसपासही आपोआप पेटू शकते. एकेचाळीस! आमच्याकडे मे महिन्यात एवढ्या तापमानाला लोक आज जरा बरंय म्हणतात. पाचोडला पत्र्याच्या खोलीत नायट्रेटचे डबे ठेवण्यापेक्षा गंजीशेजारी होळी पेटवलेली परवडली.

पुढे आलेली अ‍ॅसिटेटची फिल्म सहजी पेटत नाही, आंबते. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आक्रसते, वळते, मग वाकवली की मोडते. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला चाळीसेक वर्षांत हा रोग सुरू होतो. गारठ्यात, कोरड्या हवेत ठेवली तर शतकं काढते. आमच्याच जिल्ह्यात अजिंठ्याला दहाव्या लेण्यातली सर्वांत जुनी चित्रं दोन हजार वर्षांची आहेत. ना वातानुकूलन, ना अनुदान, वर वटवाघळांचा मुक्काम. चाळीस वर्षांच्या हिशेबाने तेवढ्यात फिल्मच्या पन्नास पिढ्या होऊन गेल्या असत्या.

म्हणून मग संगणक. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेला सरकारने ५९७ कोटी रुपये मंजूर केले. माणशी चार रुपये बारा पैसे! टपरीवर अर्धा कपही कुणी देणार नाही एवढ्यात. त्यातून २०२२ मध्ये सुमारे २,२०० चित्रपटांच्या दुरुस्तीसाठी ३६३ कोटींची घोषणा झाली. चित्रपटाला साडेसोळा लाख. अडीच तासांच्या चित्रपटात २,१६,००० फ्रेम असतात, तेव्हा फ्रेमला पडले साडेसात रुपये. एका फ्रेमवरचे ओरखडे, डाग, बुरशी, उडालेला रंग, सगळं काढायचं साडेसात रुपयांत. अर्धा वडापावही येत नाही.

स्कॅन केलं की नवा राक्षस उभा राहतो. फोर-के मध्ये एक फ्रेम ५१ एमबी जागा खाते. २,१६,००० फ्रेमना अकरा टीबी. तुमच्या खिशातला मोबाइल १२८ जीबीचा असेल तर एका चित्रपटाला असे ८६ मोबाइल लागतील, तेही रिकामे, गावच्या ग्रुपवरचे गुड मॉर्निंगचे फोटो पुसून. सगळेच्या सगळे २,२०० चित्रपट असे ठेवायचे ठरवले तर एक लाख एकोणनव्वद हजार मोबाइल. एकावर एक रचले तर दीड किलोमीटर उंच. ही पुन्हा कळसूबाई! खांद्यापर्यंत पोचलीच. तेच जर चुंबकीय टेपच्या अठरा टीबीच्या डब्यांवर उतरवलं तर मात्र १,३४५ डबे पुरतात आणि थप्पी २९ मीटरवर थांबते. दहा मजली इमारत. पण टेपचं आयुष्य आणि ती वाचणाऱ्या यंत्राचं आयुष्य दोन्ही आखूड, म्हणून दर काही वर्षांनी एका पिढीच्या टेपवरून दुसऱ्या पिढीच्या टेपवर सगळं उतरवत राहायचं, कायमचं. पोत्यातलं धान्य कीड लागू नये म्हणून पुन्हा पुन्हा वाळवतात, तसं.

आता ज्यासाठी इतके गुणाकार-भागाकार केले तो शेवटचा खेळ. एक लाख तीस हजार रिळे. सगळी उघडू. टोकाला टोक जोडू. एक रीळ ३०४.८ मीटर. पाचोड ते संभाजीनगर १६२ रिळांत संपलं. मुंबई-पुणे पाचशेच्या आत. समृद्धी महामार्ग, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, २,३०० रिळांत. काश्मीर ते कन्याकुमारी, देशाचं दक्षिण टोक ते उत्तर टोक ३,२१४ किलोमीटर, साडेदहा हजार रिळांत. अजून १ लाख १९ हजार रिळे शिल्लक! तेव्हा देशातून बाहेर पडू. समुद्र ओलांडू. ओलांडतच जाऊ. बेरीज होते ३९,६२४ किलोमीटर.

पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर आहे ४०,०७५.

म्हणजे पुण्याच्या एका रस्त्यावरच्या संस्थेकडे पृथ्वीच्या कमरेला बांधता येईल एवढा पट्टा आहे, आणि तो फक्त ४५१ किलोमीटर तोकडा पडतोय. पृथ्वीच्या मानाने ४५१ किलोमीटर म्हणजे काय? मुंबई-पुणे तीनदा. शंभरातला एक आणि वर चिमूटभर. १,४८० रिळे. अडीच तासांचे ११० चित्रपट.

८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात अर्काइव्हच्या नायट्रेट फिल्मना आग लागली. ६०७ चित्रपट गेले, ५,०९७ रिळे. जोडली असती तर १,५५४ किलोमीटर. पट्टा पूर्ण झाला असता, गाठ बसली असती आणि वर अकराशे किलोमीटरचा पदर लोंबला असता, समृद्धी महामार्गाच्या दीडपट. आणि तेवढीही गरज नव्हती. त्या आगीत जळालेल्या दर दहा रिळांतली तीन जरी बाहेर काढता आली असती, तरी पृथ्वी बांधून झाली असती.